जालूमार्फत सांगितलेली वळणं

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या जालूला घटसर्प झाला. नुकतं पाऊल टाकायला लागलेलं पोर, आणि घसा आतून बंद होत चाललेला. श्वास घेताना करवत चालवल्यासारखा आवाज यायचा. खर्ड्याहून जामखेडला जाणारी सकाळची एस.टी. निघून गेली होती. जालूचे वडील पुण्याला कारखान्यात. घरात पुरुष माणूस एकच, माझे थोरले दीर रंभाजी. ते फौजेत मोटरसायकलवरून डाक पोचवायचे, आणि सुटून येताना नगरहून एक जुनी राजदूत घेऊन आले होते.

आमच्या घरात भावजयीनं थोरल्या दिराला शिवायचं नाही, थेट बोलायचंही नाही. आमचं जे काही बोलणं व्हायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. कुणीच नसलं तर भाऊजी गाईला सांगायचे, "आज मला दोनच भाकरी म्हनावं." गाय मुकाट ऐकायची, भाकऱ्या मी करायची.

भाऊजींनी राजदूत काढली, तेव्हा सासूबाईंनी सीटवर आमच्या दोघांच्या मधे वाकळ घडी करून ठेवली. "पदर सांभाळ गं," म्हणाल्या. पदरात पोर बांधलेलं होतं, त्यामुळं दोन्ही एकदमच सांभाळायचं होतं.

मी दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसले. पहिल्याच वळणावर गाडी डावीकडं कलली, आणि मी उजवीकडं झुकले. सगळा जन्म बैलगाडीत गेलेला. चाक खड्ड्यात गेलं की वरच्या अंगाला सरायचं आणि गाडी सावरायची, हे अंगालाच माहीत होतं. मोटरसायकल वळायची सोडून सरळ निघाली, समोरून येणाऱ्या कडब्याच्या गाडीवर. बैलांनी माना झाडल्या. भाऊजींनी कशीबशी कडेनं काढली आणि बाभळीखाली थांबवली.

मागं न बघता ते म्हणाले, "जाल्या, आयला इचार, ही बैलगाडी हाय का?"

जालूचा घसा करवतत होता. 

"आयला सांग, गाडी झुकती म्हनून वळती. ती झुकली का आपुनबी तेवढंच झुकायचं. उलट्या अंगाला रेटलं का ती खड्ड्यात जाती." मग म्हणाले, "आन मानसावानी दोनीकडं पाय टाकून बस म्हनावं. हितं बाभळीबिगर बगाया कोन न्हाई."

मी बाभळीकडं एकदा बघून घेतलं आणि पाय टाकला. नऊवारी अशा कामाला बरी पडते.

मग प्रत्येक वळणाआधी जालूला निरोप यायचा. "जाल्या, उजवं येतंय. चाकाकडं बगू नगं म्हनावं, वळन जिथं सुटतं तिथं बग." वळण यायच्या आधीच ते गाडी हळू करायचे. आत शिरल्यावर ब्रेकला पाय लावायचे नाहीत, इंजिनाचा एकच सूर धरून बाहेर काढायचे. पण मधली वाकळ मऊ. त्यांचं झुकणं माझ्यापर्यंत उशिरा पोचायचं आणि गाडी डुलायची. शेवटी मी वाकळ ओढली आणि रस्त्यावर टाकून दिली. चांगली, सासूबाईंच्या हातची वाकळ.

"आता बरं हाय, जाल्या," भाऊजी म्हणाले.

जामखेड दिसायला लागलं तिथं दुष्काळी कामावरची खडी भर वळणावर पसरलेली होती. खडी फोडणाऱ्या बायका हातोड्या थांबवून बघत राहिल्या. भाऊजींनी गाडी अगदी हळू केली.

"भागिरथी," ते म्हणाले, "कमरंला धर. खडीवर झुकायचं न्हाई. माझ्यासंगं ताठ ऱ्हा."

माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आणि मग लक्षात आलं, पदरातून करवतीचा आवाज येत नव्हता.

जालूला त्यांनी का सांगितलं नाही, ते मला कळलं.

मी कमरेला धरलं. खाली बघायचं होतं. देवा, फक्त एकदा खाली बघायचं होतं. पण मी वाकले असते तर गाडी खडीवर कलली असती. मी मान ताठ ठेवली आणि त्यांच्या खांद्यावरून, वळण जिथं सुटत होतं तिथं बघत राहिले. चाकाखाली खडी सरकत होती. ते वळण केवढं लांब होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पदराच्या गाठीतूनच पोर ओढून घेतलं आणि दार लावलं. आम्ही ओसरीवर बसलो, मधे एका माणसाची जागा सोडून.

"भाऊजी," ठाऊक असूनही मी विचारलं, "तुमी माजं नाव का घेतलं?"

ते हातावरची धूळ चोळत राहिले. "त्याचा आवाज यीना झाला," म्हणाले. 

बऱ्याच वेळानं नर्सनं मला आत बोलावलं. जालूच्या गळ्याला खाली चीर देऊन नळी बसवली होती, तिच्यातून वारा आतबाहेर होत होता. ओठांवरचा निळेपणा उतरत होता. तोंड एवढं मोठं उघडलेलं, गालांवर पाण्याच्या धारा. आवाज मात्र काही नाही.

"नळी आहे तोवर आवाज निघायचा नाही बाई," नर्स म्हणाली. "घाबरू नका."

मी त्याच्या छातीवर हात ठेवला. हुंदका हाताला लागत होता.

भाऊजी दारातच उभे होते. त्यांची नजर त्या उघड्या तोंडावर होती. "रडतुय ना?" त्यांनी मला विचारलं.

"रडतुय," मी म्हणाले.