दुसरं पोतं

धाकट्या सुनेचं बाकी सगळं मोठ्या बाईंनी चालवून घेतलं असतं, पण तिचं ते गप्प बसणं त्यांच्या डोक्यात जायचं. माणसानं भांडावं, रुसावं, निदान कपाळाला आठी तरी घालावी. हिचं आपलं "हं". जेवलीस का, हं. माल उतरवून घेतलास का, हं. नवरा कधी येणार, बघते. अशा बाईबरोबर संसार करणाऱ्या आपल्या धाकट्या लेकाची त्यांना कधी कधी दया यायची. मग आठवायचं, की तोही टायरांच्या खरेदीपायी महिन्यातले वीस दिवस बाहेरच असतो. म्हणजे दोघांचं बरं चाललं होतं.

आणि आज तर हातातलं काम जायची वेळ आली होती, तरी बाईसाहेबांच्या तोंडाचं कुलूप उघडेना.

दुकानाला तीन शटरं होती. पहिल्यात टायरांच्या थप्प्या आणि काउंटर, तिथं मोठ्या बाई आणि त्यांचा थोरला मुलगा बसायचे, समोर गिऱ्हाइकांचा बाक. दुसऱ्यात टायर काढायचं-घालायचं मशीन. तिसऱ्यात रॅम्प. गाडी त्यावर चढवायची, चारही चाकांना मशीनचे डोळे लावायचे, की कुठलं चाक किती वाकडं चालतंय ते पडद्यावर दिसायचं. सरळ असेल तर आकडा हिरवा, वाकडं असेल तर लाल. हा रॅम्प चार वर्षांपूर्वी मोठ्या बाईंनी धाकटीच्या ताब्यात दिला होता. थोरल्याला तेव्हाही पटलं नव्हतं. गिऱ्हाईक बिचकतं, म्हणायचा. मोठ्या बाईंनी त्याला विचारलं होतं, की गाडी चाकांवर चालते का मिशांवर, आणि विषय संपला होता.

आता दाताच्या डॉक्टरांच्या गाडीनं तो विषय पुन्हा उकरून काढला होता.

गाडी दोन सीटांची, गडद हिरवी, इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे जमिनीवरच बसायचं. वर्षभरात ती तिसऱ्यांदा आली होती आणि तिन्ही वेळा दुखणं एकच. शेजारच्या सीटकडचं मागचं चाक टायर खात होतं. बाहेरून पाहिलं तर टायर नवाकोरा, आतल्या कडेला मात्र नक्षी जाऊन आतले धागे दिसायला लागलेले. दोनदा नवा टायर घातला, दोनदा धाकटीनं चाकं सरळ करून दिली, पडदा हिरवागार झाला. तरी गाडी टायर खायची थांबली नाही.

थोरल्यानं सकाळीच सांगून टाकलं, की आता पुरे. पलीकडच्या रस्त्यावरच्या गॅरेजमधल्या एका मिस्त्र्याशी त्यानं बोलून ठेवलं होतं, तो सोमवारपासून येणार होता. धाकटीनं काउंटरवर बसून बिलं फाडावीत. मोठ्या बाई त्याला एवढंच म्हणाल्या, की गाडी आज रॅम्पवर आहे ना, ती उतरेपर्यंत थांब. मग ठरवू.

त्यांनी पदर खोचला आणि रॅम्पवरच्या गाडीच्या त्या झिजलेल्या टायरवर तळहात फिरवला. आतून बाहेर नेला तर गुळगुळीत. बाहेरून आत आणला तर करवतीसारखा टोचला. म्हणजे चाक पुढून बाहेर फाकलेलं होतं आणि रस्त्यावर फरफटत होतं, एवढं त्यांना कळलं. पण का फाकतंय? हवा बरोबर होती. धाकटीनं मागची सगळी जोडणी पहार लावून हलवून दाखवली, कुठं खेळ नव्हता, सगळं घट्ट होतं. रिमला ओरखडा नाही, म्हणजे डॉक्टरांनी कुठं कठड्यावर आपटलेली नाही.

"तुला काय वाटतं गं?" त्यांनी विचारलं.

"हं," धाकटी म्हणाली आणि पान्याला फडकं लावत राहिली.

मोठ्या बाईंनी एक दीर्घ श्वास घेतला आणि पोती आणायला सांगितली.

ही पोत्यांची पद्धत त्यांच्या नवऱ्याची. असल्या हलक्या, बुटक्या गाड्या माणूस बसला की त्या बाजूला दबतात आणि चाकांची दिशा किंचित बदलते. रिकाम्या गाडीची चाकं सरळ करून काय उपयोग, गाडी काय भुतं चालवणार आहेत, असं ते म्हणायचे. म्हणून दुकानात वाळूची पोती होती, दहा किलोची, वीस किलोची, वजन रंगानं लिहिलेली. अशी गाडी आली की जेवढी माणसं बसणार तेवढ्या वजनाची पोती सीटवर ठेवायची आणि मग चाकं लावायची. गिऱ्हाइकाला वजन विचारायचं काम मोठ्या बाईंचं. भल्याभल्यांना त्यांनी काउंटरवरून, चारचौघांत, खणखणीत आवाजात वजन विचारलं होतं. त्यांचं स्वतःचं विचारायची छाती मात्र आजवर कुणाची झाली नव्हती. अक्षरांशी त्यांची फारशी ओळख नव्हती, म्हणून प्रत्येक गाडीच्या कार्डावर त्या माणसामागे एक गोल काढायच्या आणि गोलात आकडा. डॉक्टरांच्या कार्डावर दोन गोल होते. मागच्या दोन्ही खेपांना त्यांनी ओरडून विचारलं होतं, "डॉक्टर, दोघंच ना हो?" आणि दोन्ही खेपांना बाकावरून उत्तर आलं होतं, "हो, दोघंच."

धाकटीनं डॉक्टरांच्या वजनाची पोती त्यांच्या सीटवर ठेवली. मग दुसऱ्या सीटचं पहिलं पोतं छातीशी धरून ती दाराशी उभी राहिली. ठेवेना.

"ठेव की. आमंत्रण हवंय का?"

धाकटीनं सासूकडे पाहिलं, मग सीटपुढे खाली पाहिलं, आणि पोतं अलगद जमिनीवर ठेवलं.

मोठ्या बाईंचा पारा चढला. त्यांनी सुनेला बाजूला सारलं आणि काय आहे ते बघायला स्वतः रॅम्पच्या फळीवर चढल्या. वाकून दिसेना, गुडघे वाकू देईनात. शेवटी दाराला धरून त्यांनी अंग सोडून दिलं आणि धप्पकन त्या सीटमध्ये जाऊन बसल्या. गाडी दबली. स्प्रिंगा नीट बसाव्यात म्हणून धाकटीनं मागून दोनदा गाडी दाबून सोडली, तेही त्यांना जाणवलं.

खाली पायाशी पायपुसणं होतं. ते त्यांच्याच दुकानातलं. वर्षापूर्वी पहिला टायर बदलला तेव्हा डॉक्टरांनी जोडी घेतली होती, काळी, लाल काठाची. डॉक्टरांच्या पायाखालच्याला टाचेनं भोक पाडलं होतं. आणि हे? ह्याची लव अजून उभी होती. कोपऱ्यावरची दुकानाची चिकटपट्टीसुद्धा तशीच. वर्षभरात ह्यावर कुणी पाय ठेवला नव्हता. आत्ता पहिला पाय पडला होता तो त्यांचा.

मोठ्या बाई त्या चिकटपट्टीकडे पाहत राहिल्या. डॉक्टरांची बायको त्यांनी पाहिली होती. अंगानं चांगली भरलेली, हसरी, गाडीतून उतरताना "अहो, हात द्या" म्हणून नवऱ्याला फिरायला लावणारी. ती शेवटची कधी उतरली होती दुकानासमोर? आठवेना. आणि आपण काउंटरवरून ओरडून विचारत होतो, दोघंच ना हो.

"पडदा काय म्हणतोय?" त्यांनी आतूनच विचारलं.

"हिरवा," थोरला म्हणाला. गंमत बघायला तोही येऊन उभा राहिला होता.

"मला काढा बाहेर."

एका बाजूनं थोरला आणि दुसऱ्या बाजूनं धाकटी अशी ओढाताण होऊन त्या बाहेर आल्या. गाडीची ती बाजू सुटल्यासारखी वर उठली. धाकटीनं पुन्हा दोनदा गाडी दाबून सोडली आणि पडद्यावर मागच्या चाकाचा आकडा लाल झाला.

थोरल्यानं आकडा वाचला, आईकडे पाहिलं, पुन्हा आकडा वाचला. मग म्हणाला, "म्हणजे इतके दिवस आपण..."

"आपण नाही. मी," मोठ्या बाई म्हणाल्या. पडद्याकडे त्यांनी पाठ केली. "तुला कधी कळलं?"

धाकटीनं फडकं खाली ठेवलं. "दुसऱ्या वेळेला. पायपुसण्यावरून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही त्यांना विचारलंत, आई. ते 'दोघंच' म्हणाले. मग तुम्ही मला दोघांची पोती ठेव म्हणालात." पुढे ती म्हणाली, "बाकावर आणखी पाच माणसं बसली होती. त्यांना खोटं पाडायचं तर सगळ्यांसमोर पाडावं लागलं असतं."

चार वर्षांत इतकी वाक्यं एका दमात तिच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. मोठ्या बाईंना त्याचाही राग आला, आणि राग आपल्यावरच येतोय हे कळून जास्तच आला. माणूस आपल्याशी खोटं बोलूच शकत नाही, अशा थाटात त्या तीस वर्षं त्या काउंटरवर बसल्या होत्या. आणि एक भला माणूस दोनदा खोटं बोलून गेला, कारण खरं सांगायला त्यांनी त्याला जागाच ठेवली नव्हती.

त्या पहिल्या शटरमध्ये गेल्या. डॉक्टर बाकाच्या टोकाला बसले होते, हातात जुना पेपर, तेच पान उघडं. आज बाकी बाक रिकामा होता. मोठ्या बाई काउंटरमागे गेल्या नाहीत. बाकावर, त्यांच्या शेजारी बसल्या आणि आवाज इतका खाली आणला, की थोरल्याला वाटलं आईला चक्कर आली.

"डॉक्टर, गाडी आता एका माणसाच्या वजनाची लावून देते. शेजारी कुणी बसणार असेल तेव्हा आणा. तेव्हा परत लावू, त्यात काही अवघड नाही."

डॉक्टरांनी पेपराची घडी घातली. पुन्हा उलगडली.

"एकाचीच लावा," ते म्हणाले. मग जरा वेळानं, कुणाला सांगतोय ते नीटसं न ठरवता, म्हणाले, की त्यांच्याकडेही असे पेशंट येतात. एकाच बाजूनं चावतात, त्या बाजूच्या दाढा झिजलेल्या असतात, आणि विचारलं तर दोन्हीकडून चावतो म्हणतात. ते त्यांना कधी खोटं पाडत नाहीत. नुसतं औषध देतात.

मोठ्या बाईंच्या जिभेवर दहा प्रश्न आले. बाई कुठं आहेत, कधीपासून, भांडण की आजार की आणखी काही. त्यांनी एकही बाहेर पडू दिला नाही. तेवढ्यानंच त्या दमल्या.

धाकटीनं नवा टायर चढवला आणि एका सीटवरच्या पोत्यांवर गाडी पुन्हा लावली. मागचे बोल्ट सोडले, चाक केसभर आत घेतलं, पाना आवळताना आकडा पळू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून राहिली. लाल आकडा पिवळा झाला, मग हिरवा. तिनं गाडी रॅम्पवरून उतरवून समोर आणली, उतरून दार डॉक्टरांसाठी उघडं धरलं. ते बसले, मान हलवली आणि गेले. शेजारची सीट रिकामीच होती, पण गाडी सरळ गेली.

थोरला मोबाइल हातात घेऊन उभा होता. मिस्त्र्याला काय सांगू, हे विचारायचं त्याला धाडस होत नव्हतं. मोठ्या बाईंनी ते त्याच्या तोंडावरून ओळखलं आणि सांग म्हणाल्या, की जागा रिकामी नाही, कधी नव्हतीच.

मग त्यांनी गल्ल्याखालून कार्डांचा डबा काढला. डॉक्टरांचं कार्ड शोधलं, दुसऱ्या गोलावर आडवी रेघ मारायला पेन्सिल टेकवली, आणि उचलली. पेन्सिल आणि डबा घेऊन त्या तिसऱ्या शटरमध्ये गेल्या. धाकटी पोती भिंतीशी रचत होती. मोठ्या बाईंनी डबा रॅम्पवर आदळला.

"इकडे बघ. तुझा हात बरोबर होता आणि डोळा माझ्यापेक्षा चांगला निघाला. पण तू गप्प बसलीस म्हणून त्या माणसाचा एक टायर फुकट गेला, तेव्हा तुझीही चूक आहे, निम्मी. उरलेली निम्मी माझी, आणि ती मी घरात कुणाजवळ पुन्हा कबूल करणार नाही, तेव्हा आत्ताच नीट ऐकून घे. रॅम्प तुझाच. आजपासून गिऱ्हाइकाला वजन तू विचारायचंस, शेजारी बसून, हळू. गोलही तूच काढायचेस. आणि मी चुकतेय असं दिसलं, की माझ्या तोंडावर सांगायचं. मी आरडाओरडा करीन, तो करू द्यायचा, आणि पुन्हा सांगायचं. आता ह्यावर मला नुसतं 'हं' चालणार नाही. काय ते पुरतं बोल."