दोघांनी पाहिला तरच

तुडीलचा सईद आणि महाडचा अश्वजित यांची पक्ष्यांची वही एकच होती आणि तिचा कायदाही एकच: दोघांनी पाहिला तरच पक्षी वहीत. शाळेत असताना केलेला हा कायदा. दोघांची लग्नं झाली, सईद ड्रायव्हर म्हणून कुवेतला गेला, तरी मोडला नाही. एवढी निष्ठा घरी दाखवली असती तर काय बिघडलं असतं, असं सईदची बायको परवीन म्हणायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

त्या वहीत तिबोटी खंड्या नव्हता. मुठीत मावेल एवढा, जांभळा-नारिंगी, पायाला तीनच बोटं. हा यायचा पावसाळ्यात, आणि सईदची रजा पडायची उन्हाळ्यात. अशी बारा वर्षं गेली. यंदा एकदाची जुलैत रजा मिळाली, तर खंड्या दिसेना, आणि बघता बघता शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी वीर स्टेशनवरून गाडी, मग दोन वर्षं कुवेत. अश्वजितने कारखान्यातली पाळी बदलून घेतली आणि दोघे मोटारसायकलवरून पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका ओढ्यावर येऊन बसले.

सकाळभर भेटल्या त्या जळवा.

"पाहुणचारात कमी नाय," मोज्यातली जळू काढत सईद म्हणाला.

दुपारी त्याने खडकावर रेनकोट अंथरला, ओढ्याकडे, म्हणजे पश्चिमेला तोंड केलं आणि जोहरच्या नमाजाला उभा राहिला. अश्वजित मागे बसून राहिला. मेल्या खंड्याने नेमकी हीच वेळ साधली. पलीकडच्या काठावर, सईदच्या अगदी समोर, एका मुळीवर येऊन बसला. चोचीत छोटा खेकडा, त्याची एक नांगी तुटलेली. नमाज पढणाऱ्याला हाक मारायची नसते, हे अश्वजितला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याने ओठ चावून धरला. सईद सजद्यात गेला, उठला, पुन्हा गेला, आणि खंड्या उडाला.

आता सांगितलं तर हा दोन वर्षं तिकडे हळहळत बसेल. अश्वजितने घाईघाईने थर्मासात डोकं घातलं.

"आला काय रे?" नमाज संपवून सईदने विचारलं.

"नाय. चहा घे."

सईद क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने कप पुढे केला.

तुडीलला परवीनचा निरोप घेऊन दोघे रिक्षाने वीरला पोचले. गाडीचा सिग्नल पडला तसा सईदने मित्राचा हात धरला.

"मनात ठेवून जाववत नाय. नमाजात माझी नजर वर गेली. समोर खंड्या हुता. नमाज संपल्यावर मागं बघितलं तर तू थर्मासात. म्हटलं, तुला दिसला नाय, तर सांगून कशाला जीव जाळायचा."

अश्वजितने विचारलं, "चोचीत काय हुतं?"

"खेकडा."

"नांग्या किती?"

सईद उत्तर द्यायला गेला आणि थांबला. "एक," तो सावकाश म्हणाला. "मेल्या, तू पण?"

गाडी आली. अश्वजितने घाईने वही काढली, गुडघ्यावर धरून 'तिबोटी खंड्या' लिहिलं आणि डब्याच्या दारात चढलेल्या सईदला सहीसाठी दिली. सही होईतो गाडी हलली, आणि वही सईदच्याच हातात गेली.

अश्वजित चार पावलं धावला, मग थांबला. दोन वर्षं वही कुवेतात. राहू दे. एकट्याने पाहिलेला पक्षी तसाही तिच्यात जाणार नव्हता.