तीन दिवसांची नोंद

“मालनबाई, इथं चूक आहे.”

हिरामणनं चौदा नंबरचा फॉर्म फिरवून तिच्यासमोर सरकवला आणि पहिल्या ओळीखाली लाल पेन्सिलनं रेघ ओढली. चौक गावच्या शाळेत, सातवीच्या वर्गातल्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेल्या मंडळींनी माना वर केल्या. चूक दुसऱ्याची निघाली की वर्ग नेहमीच जागा होतो.

“कुठं, सर?” मालन उठून उभी राहिली. ती याच शाळेत तिसरीला शिकवायची. अक्षर वळणदार, आवाज बारीक.

“पहिलं बाळंतपण. तुम्ही लिहिलंय मुलगी, जिवंत जन्म, मृत्यूच्या वेळी वय तीन दिवस. माझ्या फॉर्मवर आहे मृतजन्म.”

एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा मार्च होता. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतले शिक्षक, ग्रामसेवक आणि एक परिचारिका अशा अकरा जणांना जन्ममृत्यूच्या पाहणीसाठी पाच दिवस शिकवण्याचं काम हिरामणकडे आलं होतं. तो सांख्यिकी सहायक होता. सोमवारी त्यानं फळ्यावर दोन आकडे लिहिले होते. एक, मृत जन्मलेल्या मुलांचा. दुसरा, जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात गेलेल्या मुलांचा. पहिला फार मोठा होता, दुसरा फार लहान.

“निसर्ग असा वागत नाही,” तो म्हणाला होता. “मधे कुठंतरी माणूस आला आहे.”

“साहेब, आमच्याकडं तर कागदावर कुणी मरतच नाही,” रामभाऊ ग्रामसेवक मागून म्हणाले होते. “रेशनकार्डावर आजा-पणजा अजून जेवतायत.”

वर्ग हसला, हिरामणही हसला. मग त्यानं समजावलं. मेलेलंच जन्मलं म्हटलं की पुढचे प्रश्न थांबतात. डॉक्टर का आणला नाही, कुणाला का कळवलं नाही, हे कुणी विचारत नाही. म्हणून मुलं किती, असं विचारायचं नाही. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा काय झालं, असं विचारायचं. रडलं का, श्वास घेतला का, हातपाय हलवले का. यातलं एक जरी झालं असेल तर तो जिवंत जन्म, मग भले घटकाभराचा असो. “आणि बाई गप्प झाली तर तुम्हीही गप्प बसा. तिला आठवू द्या.”

आज सरावाचा दिवस होता. गेल्या उन्हाळ्यात चाचणी म्हणून लोधिवलीतली वीस घरं हिरामणनं स्वतः केली होती. तीच घरं आज या लोकांनी पुन्हा केली, आणि दोन्ही फॉर्म ताडून बघायचं काम चाललं होतं. फरक पडला तर दोघांपैकी कुणीतरी चुकलं आहे, एवढं साधं तंत्र.

चौदा नंबरचं घर हिरामणचं स्वतःचं होतं.

“सर, मी दोनदा विचारलं,” मालन म्हणाली. “ओळखीचं घर म्हणून गाळावं असंही मनात आलं होतं. पण तुम्हीच म्हणालात, ओळखीचं घर मुळीच गाळायचं नाही.”

“बरोबर. पण ऐकण्यात गल्लत झाली असेल.”

“नाही सर.” तिनं फॉर्मकडं पाहिलं, त्याच्याकडं नाही. “रडली का, असं विचारलं. वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘रडली. तीन दिस रडली.’”



हिरामणनं आपला जुना फॉर्म पाहिला. त्याचंच सरळ, टोकदार अक्षर. एकोणीस घरांमध्ये त्यानं बायकांसमोर बसून विचारलं होतं. हा एक फॉर्म त्यानं घरी चहा पिता पिता भरला होता. स्वतःच्या घरात काय विचारायचं?

“आजचं इथंच थांबवू,” तो म्हणाला. त्यानं मालनचा फॉर्म घडी करून खिशात घातला आणि छत्री, पिशवी, सगळं तिथंच ठेवून तो बाहेर पडला.

चौकपासून लोधिवली अर्ध्या तासाची वाट. हमरस्त्यावरून ट्रक जात होते, आणि प्रत्येक ट्रकमागं उडणारी धूळ खाली बसेपर्यंत तो कडेला थांबत होता.

सहासष्ट साली तो पुण्यात तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला होता. खालापूर तालुक्यातून निवडलेला एकटाच. सुंदरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी, पोशीरला गेली होती, आणि त्याची आई तिच्या सोबतीला. परीक्षेच्या आदल्या दिवशी सासऱ्यांचं, कोंडीरामांचं, कार्ड आलं होतं. मुलगी झाली, ती मृत जन्मली, सुंदराची प्रकृती ठीक, आपण येऊ नये, परीक्षा द्यावी. वसतिगृहाच्या नळावर त्यानं तोंड धुतलं आणि दुसऱ्या दिवशी तीन तासांचा पेपर लिहिला. दुसरा नंबर आला. जी कधी नव्हतीच तिच्यासाठी किती रडणार, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. पुढं पोशीरला गेला तेव्हा सुंदरा त्याविषयी एक शब्द बोलली नाही, आणि त्याबद्दल त्याला तिचे उपकारच वाटले होते.

घरासमोर वाल झोडपून झाले होते. सुंदरा उकिडवी बसून सुपानं पाखडत होती. पडवीत येसूबाई, त्याची आई, पाय पसरून बसली होती. तिला आता कमी दिसायचं, ऐकू मात्र सगळं यायचं.

“लौकर आलात?” सुंदरा म्हणाली.

“मालनबाई आल्या होत्या?”

“आल्या व्हत्या. लई गोड इचारतात. च्या घ्या म्हनलं, तर घेतला नाय.”

तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला. फोलपटं त्याच्या पँटवर उडत होती.

“सुंदरा, पोशीरला… ती रडली होती?”

सूप थांबलं.

“आठ वर्सांनी इचारताय?”

“मला माहीत नव्हतं.”

“काय म्हाईत नव्हतं?”

“ती जिवंत होती, हे.”

सुंदरानं त्याच्याकडं पाहिलं. खोटं बोलणाऱ्या माणसाकडं बघतात तसं, पण त्यात राग नव्हता, कंटाळा होता.

“आवं, तार केली व्हती तुमाला. पैल्याच दिशी. मंगळवारी फाटंला ती झाली, आन माजं आबा तसंच नेरळला गेलं तार करायला. आत्याबाईंनीच सांगितलं मला. तार गेली, आता येतोय म्हनून.”

“तार आली नाही. कार्ड आलं, पुढच्या सोमवारी. मेलेली जन्मली म्हणून.”

“मेलेली?” ती म्हणाली. “कोनी लिवलं, मेलेली?”

दोघंही पडवीकडं वळले. येसूबाई आपल्या गुडघ्यावरून हात फिरवत होती.

“त्ये माजं काम,” ती म्हणाली. “तुज्या सासऱ्याचा त्यात काय गुन्हा नाय. तो निगाला व्हता तार करायला. मीच बांधावर गाठून मागारी फिरवला. कार्ड बी मीच लिवून घेतलं.”

“का, आई?”

“का म्हंजी? पुन्याच्या सायबानं लिवून घेतलं व्हतं ना, खाडा केला तर नाव कापनार म्हनून? आपल्या वस्तीतला पैला तू, हिरामण. दुसऱ्याच्या बांधावर गवत कापून कापून तुला तिथवर धाडला. पोर जगनारी नव्हती रं. मी हातात घेतली तवाच मला कळलं. माजी दोन गेली अशीच, तुज्या आदी. त्यांच्यापायी कोन आलं व्हतं धावत? तुजा बाप भात कापून सांजच्याला आला, गेलं का म्हनला, आन जेवला.”

गुडघ्यावरचा हात थांबवून ती पुढं म्हणाली.

“हिला सांगितलं तार गेली, का तर हिनं दम धरावा. तुला कळवलं मेलेली झाली, का तर तू पेपर लिवावा. दोगांचं बी निभलं. मंग तुमी कुनीच त्ये काडलं नाय. मला वाटलं, इसरलात.” तिचा आवाज बारीक झाला. “मी नाय इसरले. पर मला कोन इचारनार?”

“कधी गेली ती?” हिरामणनं सुंदराला विचारलं.

“शुक्रवारी. सकाळी गुरं सुटायच्या टायमाला.”

त्याचं डोकं सवयीनं चालू लागलं. त्याला ते थांबवता येईना. मंगळवारी दुपारी तार. बुधवारी पहाटेची पुण्याहून सुटणारी गाडी. कर्जतला उतरून नेरळ, नेरळहून चालत पोशीर. बुधवारी बाराच्या सुमाराला तो तिथं असता. शुक्रवारी सकाळी आठपर्यंत, चव्वेचाळीस तास.

“माज्या आईनं माजी खाट दारात आनली व्हती,” सुंदरा म्हणाली. ती वालाच्या दाण्यांतून बोटं फिरवत होती. “नेरळची वाट दिसायची तिथनं. ती दूध वढायची नाय. कापसाची वात भिजवून लावायची ओठाला. मी म्हनायची तिला, थांब गं बाय, बाबा येतायत. नाव बाबा ठेवनार हायत तुजं. लांबून कोन बी दिसलं की मी म्हनायची, आलं बग.”

“आणि मी आलो नाही.”

“तुमी आला नाय.” तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. “पैल्यांदा वाटलं, परीक्षेपायी नसंल आला. मंग वाटलं, पोरगी म्हनून नाय आला. त्येच वाटत ऱ्हायलं.”

“आठ वर्षं?”

“तर काय.”

“आणि माझ्याबरोबर राहिलीस. बोललीसपण नाही.”

“काय बोलनार? बाकी मानूस चांगला व्हता.”

हे ती अगदी साधेपणानं म्हणाली, भाजीत मीठ कमी होतं असं सांगावं तसं. हिरामणला वाटलं, तिनं शिव्या दिल्या असत्या तर तोंड दाखवायला काही जागा उरली असती. घरात इतकी वर्षं दोन वेगळ्या गोष्टी नांदत होत्या. एकीत मूल कधी नव्हतंच, आणि दुसरीत बाप आला नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच चुलीवर शिजलेलं अन्न खात, एकाच भिंतीला टेकून झोपत होत्या. इतर एकोणीस घरांतल्या बायकांना त्यानं विचारलं होतं, रडलं का. त्यांतल्या दोघी तिघी पदर तोंडाला लावून रडल्या होत्या, आणि तो शिकल्याप्रमाणे गप्प बसला होता.

त्यानं खिशातला फॉर्म काढला. मालनच्या वळणदार अक्षराखाली त्याची लाल रेघ होती. खिशाला लावलेल्या पेननं त्यानं समासात लिहिलं, “पडताळणी केली. नोंद बरोबर.” खाली सही केली, तारीख घातली.

“आता सरकारात नोंद लागंल का तिची?” सुंदरानं विचारलं.

“सरावाचे फॉर्म वर जात नाहीत,” तो म्हणाला. खोटं बोलणं आता शक्य नव्हतं. “पण खरी पाहणी पुढच्या महिन्यात आहे. तेव्हा मी विचारायला येईन. नीट, तुझ्यासमोर बसून.”

“मालनबाईंनाच धाडा,” ती म्हणाली. “त्यांना सांगितलं, तसं मला पुन्यांदा जमंल. तुमच्याम्होरं नाय जमायचं.”

त्यानं मान हलवली. पडवीत येसूबाईनं तोंडावर पदर ओढून घेतला होता. तिच्या गेलेल्या दोन मुलांचा रकाना अजून कुणी भरला नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं. आज नाही, पण उद्या तिच्यापाशीही बसावं लागणार होतं.

त्यानं पेनाला टोपण लावलं. फॉर्मवरचे सगळे प्रश्न संपले होते. लिंग, जन्म, वय, मृत्यूची जागा. बाकीचं विचारायला कागदावर जागा नव्हती, आणि कसं विचारतात ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

“सुंदरा,” तो म्हणाला. “केवढी होती गं?”

सुंदरानं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले. मग दोन्ही तळवे समोर धरले, मधे हातभरसुद्धा नाही एवढं अंतर ठेवून. क्षणभर त्या अंतराकडं बघितलं, आणि उजवा तळवा बोटभर आत घेतला.

“एवढी,” ती म्हणाली.

हिरामण त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिला. हात भरून आले असावेत. तरी तिनं ते खाली घेतले नाहीत.