गाडी गावाच्या नावानं

सुकरीला राग यायला कारण लागत नाही, असं तिचा पोरगा धनराज गावभर सांगत फिरतो. साफ खोटं. कारण लागतं. त्या दिवशी चंद्रपुरात तर कारणांची अशी रांग लागली की कुठल्यावर आधी भडकावं तेच तिला कळेना.

पहिलं कारण खुर्चीचं. जुन्या गाड्या विकणाऱ्या विक्कीच्या आवारात तीन माणसं शिरली, आणि त्यानं खुर्च्या मागवल्या दोन. एक धनराजला, एक पोचूभाऊंना. सुकरीला म्हणाला, "मावशी, तुम्ही तिकडं लिंबाखाली बसा, सावली आहे."

आता सांगा, एटापल्लीच्याही पलीकडून, दोन एसट्या बदलून, कंबर मोडून ही बाई चंद्रपूरला सावली बघायला आली होती काय? सावलीची टंचाई आहे का तिच्या गावात? चारी बाजूंनी जंगल आहे!

"मी उभीच बरी हावो," ती म्हणाली. "गाडी दाखव."

गाडी घ्यायची होती ती गावाला. गावची ग्रामसभा आपल्या जंगलातला बांबू आपणच विकते. त्या बांबूचे पैसे बाजूला ठेवून एक जुना छोटा हत्ती, म्हणजे मालाचा छोटा टेम्पो, घ्यायचा, असं गावानं ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे काय, मोठ्या मोहाच्या झाडाखाली सगळं गाव चारदा बसलं. तिथे हात वर करून मोजायची पद्धत नाही. शेवटचा माणूस 'होय' म्हणेपर्यंत बसायचं. गाडी हवी होती, कारण दर साली तेच व्हायचं. बायांनी पहाटे उठून मोहफूल वेचायचं, वाळवायचं, पोती भरायची, आणि मग भाड्याच्या गाडीवाल्याची वाट बघायची. तो येणार त्याच्या मर्जीनं. उशिरा आला तर पोत्यातलं फूल काळं पडायचं, आणि तोच वर म्हणायचा, माल खराब आहे बाई तुमचा!

म्हणून हे तिघं आले होते. पोचूभाऊ ग्रामसभेचे अध्यक्ष, लोण्यासारखा मऊ माणूस. धनराज, कारण गाडी चालवायचं लायसन गावात त्याच्या एकट्याकडे. आणि सुकरी, कारण बायांनी सांगितलं होतं, माल आमी वेचतो तर आमच्यातली एक पायजेच.

गाडी चांगली होती, हे मान्य करायला हवं. धनराजनं बोनेट उघडून पाहिलं, खाली झोपून पाहिलं. मग तो चक्कर मारायला निघाला तेव्हा सुकरी मागे डाल्यात, माल भरायच्या उघड्या भागात, चढून उभी राहिली.

"मावशी, समोर बसा ना, सीट आहे!" विक्की ओरडला.

"समोर एकच मानूस बसन. गाव तं मांगंच बसन ना?" ती म्हणाली. "मांगून कशी लागते ते पाहू दे."

गाडी खड्ड्यातून गेली, उतारावरून आली, ब्रेक दाबले तेव्हा तिचं डोकं केबिनवर आपटता आपटता वाचलं. उतरली आणि म्हणाली, "चालते." पोचूभाऊ हसले. भाव आधीच जुळला होता, त्यात घासाघीस उरली नव्हती. विक्कीनं चहा मागवला. सगळं गोड चाललं होतं, आणि तेवढ्यात त्यानं विचारलं, "हां, तर गाडी कोणाच्या नावावर करायची?"

पोचूभाऊ तोंड उघडणार, तोवर धनराजचा हात खिशात गेला आणि आधार कार्ड बाहेर आलंसुद्धा.

"गावाच्या," सुकरी म्हणाली.

विक्कीला वाटलं, मावशी गंमत करतेय. "गावाच्या? अहो, गावाला लायसन आहे का? गाव गाडी चालवणार का?" आणि तो असा खो खो हसला की चहावालाही हसायला लागला.

"गाव बांबू विकते तवा हसत नाई कोनी," सुकरी म्हणाली. "कागदावर ग्रामसभेचं नाव, ब्यांकेत ग्रामसभेचं खातं, पैसे त्याच्यातूनच आनले ना? पैसे घेताना गाव चालते, आन गाडी देताना गाव दिसत नाई तुले?"

"मावशी, होत नाही असं नाही. पण लफडं फार. ठराव आणा, सह्या आणा, महिनाभर हेलपाटे. भाऊच्या नावावर आज करून टाकतो. आणि वडशाहून एक पार्टी निघालीय हीच गाडी बघायला. तुम्ही बघा बुवा."

पोचूभाऊ खुर्चीत चुळबुळले. "करू का सुकरीबाई धनराजच्या नावानं? मोहफूल तोंडावर आलं. आपलाच पोरगा हाय."

"कोलूबी आपलाच होता," सुकरी म्हणाली.

झालं. पोचूभाऊंची मान खाली गेली. कोलूचं नाव त्या गावात नुसतं घेतलं तरी पुरतं. कोलू सरपंच असताना गावासाठी ट्रॅक्टर आला. सोयीसाठी, बरं का, निव्वळ सोयीसाठी, तो कोलूच्या नावावर केला. दोन वर्षं ट्रॅक्टर सगळ्यांच्या शेतात फिरला. मग कोलू निवडणूक हरला, आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर त्याच्या अंगणात, साखळी लावून! विचारायला गेलं की म्हणायचा, कागद पाहा, कोनाचं नाव हाय? आणि हा कोलू काही जन्माचा चोर नव्हता. सुकरीचा नवरा तापानं फणफणला होता तेव्हा याच कोलूनं त्याला पाठीवर घेऊन भरला नाला ओलांडला होता. असा माणूस! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असाच होतो, एका दिवसात नाही.

"सुकरीबाई, तळं राखन तो थोडं पानी चाखनच," पोचूभाऊ हळूच म्हणाले.

"पानी चाखलं असतं तं मी बोलली असती का भाऊ? त्यानं तळंच उचलून घरी नेलं!"

धनराजचं तोंड लालबुंद झालं होतं. परक्या माणसासमोर आईनं अब्रूच काढली. "म्हंजे मी चोर हावो का? तुह्या पोटचा पोरगा, अन् तुले माह्यावर भरोसा नाई?"

"तुह्यावर भरोसा हाय. नावावर नाई."

"ते तं एकच झालं!"

"एक नाई होत. कोलूच्या मायलेबी वाटलं असन एकच हाय."

विक्कीला वाटलं, भांडण मिटवावं, गिऱ्हाईक हातचं जाऊ नये. तो हसत आत गेला आणि गुंडाळी घेऊन आला. "अरे यार, टेन्शन कशाला! हे बघा, माझ्याकडून भेट. कालच कापून घेतलं." आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यानं ती पट्टी गाडीच्या काचेवर चिकटवलीसुद्धा. लाल रेडियमची अक्षरं, दोन्ही बाजूंना एकेक वाघ, आणि मधोमध: धनराज.

सुकरीला वाचता येतं. बेताचं, पण आपल्या पोराचं नाव येतं.

"काल?" ती म्हणाली. "काल तं आमी गावातच होतो. याले तुहं नाव कोनं सांगितलं रे?"

धनराजनं आधार कार्ड परत खिशात सरकवलं. फोन त्यानंच केला होता. गाव मोहाखाली बसून ठरवत होतं तेव्हा हा बहाद्दर टेकडीवर नेटवर्क शोधत आपल्या नावाची पट्टी सांगत होता.

इतका वेळ सुकरी नुसती रागावली होती. आता तिला लागलं. रागावली होती तेव्हा आवाज मोठा होता, आता एकदम खाली आला. "मरका पंडुमचा सन झाल्याबगर आपल्याइथी कोनी नवा आंबा तोडते का रे? झाड कोनाच्या अंगनात हाय ते कोनी इचारते का? सारं गाव जमते, देवाले दाखवते, मंग सारे एकाच दिवशी खाते. लहान लेकरूबी तोवर दम धरते. अन् तू? गाव अजून पाहून राह्यलं होतं, आन तू चावा घेऊन मोकळा."

मग ती पोचूभाऊंकडे वळली. "चला भाऊ. गावाच्या नावानं भेटन तं घेऊ, नाई तं पोती डोक्यावर वाहू. आजवर मेलो नाई."

आणि ती चालायला लागली. अहो, जीव तुटत होता तिचा! मागे डाल्यात उभं राहून तिनं मनातल्या मनात पोतीसुद्धा रचून पाहिली होती, खाली कोणाची, वर कोणाची. पण वळून पाहिलं नाही. पोचूभाऊ उठले. सगळ्यात शेवटी धनराज उठला. त्यानं नखांनी ती पट्टी खरवडून काढली, वाघांसकट, आणि चोळामोळा करून विक्कीच्या टेबलावर टाकली.

तिघं फाटकापर्यंत पोचले नव्हते तोच मागून हाक आली. "अहो मावशी! ओ मावशी! थांबा ना, करू या ग्रामसभेच्या नावावर, मी कुठं नाही म्हणतोय!"

"आन वडशाची पार्टी?" सुकरीनं विचारलं.

पार्टी नव्हतीच. वडशाहून कोणी निघालं नव्हतं. ते लफडंही महिनाभराचं निघालं नाही. ठराव गेला, सह्या गेल्या, आणि मोहफूल टपटपायला लागलं तेव्हा गाडी गावात होती. कागदावर ग्रामसभेचं नाव, आणि काचेवर, ऊन तिरपं पडलं की दिसणारा, गोंदाचा एक पुसट डाग.

धनराज गाडी झकास चालवायचा, पण आईशी कामापुरतंच बोलायचा. सुकरीनं ते गिळलं. माल न्यायच्या पाळ्या गावानं मोहाखाली बसून लावल्या होत्या, घरामागून घर, कोणाला पुढं नाही, कोणाला मागं नाही. आणि एका सकाळी पाळी आली कोलूची.

आभाळ भरून आलं होतं. पाणी पडलं असतं तर वाळलेलं फूल मातीमोल. कोलूनं आपली पोती डोक्यावरून आणून गाडीपाशी टाकली. त्याचा ट्रॅक्टर कधीच बसला होता, टायर विकून झाले होते, अंगणात नुसता सांगाडा गंजत पडला होता. आसपास पंधरा-वीस माणसं जमली होती, पण पोत्याला हात लावायला कोणी पुढं आलं नाही.

"काऊन कोलूभाऊ?" धनराज केबिनमधून म्हणाला. "ट्रॅक्टर काढ ना तुहा!"

सगळे हसले. आणि खरं सांगायचं तर सुकरी सगळ्यात मोठ्यानं हसली. किती वर्षांनी तो क्षण आला होता! ज्यानं सगळ्या गावाला कागद दाखवला, तो आज पोत्यांशेजारी मान घालून उभा होता. अस्सं पायजे, असं तिच्या मनानं दहादा म्हटलं. हसू येऊन येऊन तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

हसणं ऐकून धनराजला जोर चढला. आज कितीतरी दिवसांनी आई त्याच्या बाजूनं हसत होती. "जा, उचल तुही पोती," तो म्हणाला. "माह्या गाडीत नाई चढनार ते."

सुकरीचं हसू तिथंच थांबलं.

"कोनाच्या गाडीत?" तिनं विचारलं.

धनराजचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

तिला कोलूचा राग नव्हता असं समजू नका. तो भरपूर होता, मरेपर्यंत पुरेल इतका. पण आज कोलूचं पोतं खाली राहिलं तर उद्या कोणाचं राहील, हे तिला त्या गोंदाच्या डागासारखं पुसट नाही, स्पष्ट दिसलं. तिनं पदर कंबरेला खोचला, पुढं झाली आणि कोलूचं पोतं धरलं. जड होतं मेलं. अर्ध्यावर उचललं आणि तिथंच अडकलं.

कोलू कसनुसा होऊन पुढं आला. "सुकरी, राहू दे ना. मी उचलतो."

"तू हात नको लावू!" ती कडाडली. "तू मागच्या खेपेले गावाचं उचललं ते अजून खाली ठेवलं नाईस!"

आता कोणीही हसलं नाही. केबिनचं दार उघडलं. धनराज खाली उतरला आणि त्यानं पोत्याचं दुसरं टोक धरलं.