उकळती भुई

गुंडाची सोयरीक सुपारी फोडायपर्यंत आली आणि तिथंच अडकली. कारण एकच. त्यानं इटलीतला डोंगर सांगितला.

लढाई संपवून घरी येऊन त्याला दोन म्हयनं झालं होतं. बैठकीत पोरीच्या बापानं, आकारामनं, सहज इचारलं, "तिकडं काय काय बघितलंस रं?" गडी खुलला. म्हणाला, रजेवर हुतो तवा साहेबानं लारीत घालून धुराचा डोंगर दावाय नेलं. भुईला भेगा, भेगंतनं वाफ. बुटाचं तळवं भाजायचं. आमच्या नायकानं तापल्या राखंत अंडी पुरली, घटकाभरात शिजली.

आकारामनं लय मायेनं इचारलं, "डोक्याला कुठं मार-बिर लागला नव्हता न्हवं?"

ती मायाच गुंडाला झोंबली. तो तडक उठून भाईर गेला.

घरी आई, मनुबाई, मागं लागली. "चेष्टा केली म्हन की. तुजं काय जातंय?"

आकारामची पोरगी, तानुबाई, त्याच्या मनात भरली होती. पाण्याचा तांब्या देताना तिनं मान खाली न घालता सरळ बघितलं होतं. पण चेष्टा केली म्हणायला त्याची जीभ काही वळंना.

आठ दिसांनी आकारामचा सांगावा आला. गुडघं धरल्यात, कोकणात उन्हाळ्यावर आंघोळीला जायचं हाय, सोबतीला ये. भुईतनं ऊन पाणी येतं त्या जागंला तिकडं उन्हाळं म्हणत्यात. गुडघ्याचं निमित्त हाय, पारख आपली करायची हाय, हे गुंडानं वळखलं. तरी गेला.

कुंभार्लीचा घाट उतरून तिसऱ्या दिशी ती दोघं पोचली. काळ्या दगडात बांधलेलं कुंड, वर वाफ, काडेपेटीची काडी ओढल्यावानी वास. आकारामनं धोतर वर घेतलं, पाय बुडवलं आणि चटकन काढलं. मग जरा जरा करत सोडलं.

"ह्येच बघितलंस न्हवं तिकडं?" शेवटी म्हणाला. "मग तसं सांगायचं की गड्या. आमी बी खुळीच."

वाट मोकळी झाली होती. नुसतं व्हय म्हणायचं होतं. गुंडानं पाण्याकडं बघितलं.

"न्हाई मामा. ह्ये त्याच्या पासंगाला बी पुरायचं न्हाई."

"म्हंजे?"

"तिथं डोंगर फुटला, दगुड इतळून पायथ्याच्या गावाकडं व्हाय लागला. निखाऱ्याची भित, घराएवढी उच. पर चालती एवढी हळू, म्हातारं मानूस बी म्होरं निघून जाईल. लोकास्नी दिसतंया घर जानार, पर करत्यात काय? दाराच्या चौकटी उपसून गाडीत घालत्यात."

"चौकटी कशाला?"

"लाकूड तरी वाचंल म्हनून."

आकारामनं मान हलवली. त्यानं बी तेच केलं असतं. "आन् देव?"

"देव सगळ्यात आदी काढला. खांद्यावर घिऊन त्या भितीम्होरं हुबा केला. बायाबापड्या हात जोडून."

"मग थांबली?"

"न्हाई. देवाला मागं मागं घेत ऱ्हायली लोकं. गाव गेलं निम्मं."

वाफ दोघांच्या मधनं वर जात होती. आकारामनं गुडघा चोळला, दुसरा चोळला.

"खोटं रचनारा असतास," तो म्हणाला, "तर देवाम्होरं थांबवली असतीस."

गुंडाची कानशिलं बैठकीपासनं तापली होती, ती निवत आली.

"माजं गुडघं हा घाट परत काय उतरत न्हाईत. तानीला उन्हाळं दावीन म्हनलोय, ते आता तू दाव, लगीन झाल्यावर." आकाराम बाजूला सरकला. "आन् बुटं काढ की. एवढं लांब काय नुसतं बघायला आलास?"