रिकामे हात

"तुमना हातमा बंदूक व्हती ना, भाऊ? मंग काबर नही चलाडी?"

धुरपदाबाईने दवाखान्याच्या वऱ्हांड्यातच विचारलं. आत तिचा नवरा लोटू डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून पडला होता आणि डोळा वाचणार नाही, असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. अर्धं आयुष्य फौजेत काढलेला उखा या बाईसमोर मान खाली घालून उभा राहिला.

शहाण्णव साल होतं. सुरतेजवळ इच्छापोरच्या एका डाइंग मिलच्या फाटकावर दोघे जोडीने पहारा करत. लोटूकडे काठी, उखाकडे स्वतःच्या लायसनची दुनळी. खरं सांगायचं तर शेठला उखा नकोच होता, बंदूक हवी होती. पण ती नेमकी उखाच्या नावावर निघाली, त्याला काय करणार! दोघेही अमळनेरकडचे, सुरतेत एकाच चाळीत शेजारी. दर दसऱ्याला धुरपदाबाई काठी आणि बंदूक एका पाटावर मांडून कुंकू लावायची. "बंदूकनी धाकली बहीन शे हाई काठी," म्हणून हसायची.

त्या दुपारी मात्र सगळंच बिनसलं. बॉयलरवर भाजलेला एक कामगार वारला, आणि शेठने फाटकाबाहेर तोंडसुद्धा दाखवलं नाही. माणसं खवळली. फाटक हलू लागलं तरी उखा नुसता बघतोय म्हणून मॅनेजर कचेरीच्या दारातून ओरडला, "ए फौजी, जुए छे शुं? चलाव!"

"साहब, अभी किसी की जान पे नहीं आई है."

"तो हवा में चला!"

हवेत तर मुळीच नाही. पलटण बंदोबस्ताला असताना कुणीतरी असाच धाक दाखवायला हवेत बार काढला होता, आणि गच्चीवर कपडे वाळत घालणारी एक बाई जागीच कोसळली होती. तिच्या हातातलं ओलं धोतर उखाला अजून दिसे. कुणाचा जीव जाणार असेल आणि दुसरा इलाजच उरला नसेल, तरच चाप ओढायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

तेवढ्यात लोटू समजूत घालायला फाटकाच्या गजांपाशी गेला. "आरे, आपलाच मानसे ना तुम्ही..." एवढंच तो बोलला आणि धोंडा आला. लोटू डोळा धरून मटकन खाली बसला. बोटांमधून रक्त गळू लागलं.

उखाने बंदूक खांद्याला लावली. मारणारा समोरच होता, लुंगी लावलेला, मधल्या वयाचा माणूस. हात रिकामे, तोंड उघडं. आपण काय करून बसलो हे त्याचं त्यालाच उमगत नव्हतं. उखाला त्याला मारायचं होतं, अगदी मनापासून मारायचं होतं. पण मारून आता तो कुणाला वाचवणार होता? धोंडा येऊन गेला होता. आता सुटेल ती गोळी लोटूला वाचवणारी नव्हती, उट्टं काढणारी होती. त्याने नळी खाली केली.

नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली. त्याचं फारसं काही वाटलं नाही. पण धुरपदाबाईने बोलणं टाकलं, ते जिव्हारी लागलं. लोटूला गजांपाशी जाऊच दिलं नसतं तर, हा विचार उखाला रोज छळू लागला.

दसऱ्याला त्याने बंदूक पेटीतून काढलीच नाही. सकाळी दारात काठी वाजली. लोटू आला होता, मागे धुरपदाबाई, हातात कुंकवाचं ताट.

"बंदूक काढ," लोटू म्हणाला.

उखाने पाट मांडला, त्यावर बंदूक ठेवली. लोटूने चाचपत काठी तिच्या शेजारी ठेवली.

"एक सांग. तू नेम धरा तवय त्याना हातमा दुसरा धोंडा व्हता का?"

"नही."

"खरं सांग."

"नही व्हता, लोटू. हात रिकामा व्हतात."

लोटूने पाटावरची काठी बंदुकीला लावून सरळ केली. मग म्हणाला, "मंग ठीक शे."

धुरपदाबाईला ते ठीक नव्हतं. तिने काठीला कुंकू लावलं, बंदुकीपाशी तिचं बोट थांबलं, आणि ते तिने पदराला पुसून टाकलं. उखाला तिचा राग आला नाही.

लोटूने खिशातून आपट्याचं पान काढलं. "सोनं ले रे." एका डोळ्याला अजून अंतराचा अंदाज येत नव्हता, पान त्याने उखाच्या हातापासून वीतभर बाजूला धरलं. उखाने आपला रिकामा हात सरकवून पानाखाली नेला.