चार चमचे दूध

"डोंगर नको, मैदान हवं," मी म्हटलं, तशी चष्मेवालीने कपावरून फूटपट्टी फिरवली. वरचं पीठ परातीत पडलं, थोडं शेजारच्या पोराच्या मांडीवर. तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोऱ्यात एक मणी ओवला आणि जाहीर केलं, "हा झाला दुसरा." वय वर्षं पाच, पण तोरा हेडक्लार्कचा.

या बालवर्गात मी रोज एक तास येते. पोरं मला पीठआजी म्हणतात. मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळा चालवणाऱ्या बाईंनी, मला बोलावलं ते मुलांना खेळता खेळता मापं शिकवायला. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, बाई, एकतीस वर्षं बेकरीत पीठ मळलं, पण कप-चमचा घेऊन कधी काही मोजलं नाही. माझं सगळं मुठीने चालतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग तुम्ही मुठीने घाला, पोरांना मोजू द्या.

तोच खेळ झाला. मी परातीत बिस्किटांपुरतं पीठ घालायचं. पोरांनी कपाने ते मोजायचं आणि भरल्या कपामागे एक मणी ओवायचा. अडीच कप निघालं. दुसऱ्या दिवशी अडीच, तिसऱ्या दिवशीही अडीच. चष्मेवालीला वाटलं, आजी चोरून मोजते. तिने माझ्या बाह्या वर करून तपासल्या. खोटं कशाला बोलू, मला भारी वाटलं. बेकरीत एवढी वर्षं घालवली, पण माझा हात इतका नेमका आहे हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं. मोठ्या बाईंनी तो आकडा पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावला. पीठ अडीच कप, लोणी एक कप, साखर एक कप, दूध चार चमचे.

आता मुलीचं सांगते. ती लांबच्या शहरात असते. नोकरी, दोन लहान मुलं, सदा घाईत. तिचे बाबा गेल्यापासून मी दोन खोल्यांत एकटी. तिचा फोन रविवारी दुपारी यायचा, तोही बिस्किटांसाठी. मुलांना माझ्या हातचीच बिस्किटं लागायची, आणि हिला माप माहीत नाही. मग फोन ओट्यावर ठेवून ती विचारायची, आई, पीठ किती? मी म्हणायची, घाल, मी सांगते कधी थांबायचं. आता कसं दिसतंय? चिकटतंय? कानाच्या पाळीइतकं मऊ झालं का? ती कानाला पीठ लावून बघायची आणि मुलं हसायची, ते मला इकडे ऐकू यायचं. पाऊण तास सहज जायचा. आठवड्यातला तेवढाच काय तो माझा बोलण्याचा वेळ. बाकीचे दिवस शाळेतून आलं की थेट दुसऱ्या दिवशी शाळेत जाईपर्यंत तोंड बंद.

पण जिभेला हाड असतं तर ना! एका रविवारी मीच पुठ्ठ्याची फुशारकी मारली. हात दाखवून अवलक्षण. ती म्हणाली, "अगं आई, मग आकडेच दे ना सरळ. तुलाही दर वेळी ताटकळत बसायला नको."

ताटकळत! मी रविवारची सकाळपासून वाट बघते, ते हिला कुठून कळणार? तिचा हेतू वाईट नव्हता. मी सांगायला लागले. पीठ अडीच कप, खरं. लोणी एक, खरं. साखर एक, तेही खरं. आणि दूध, म्हटलं, आठ चमचे.

त्याच आठवड्यात एका पोराने दुधाचा चमचा जास्त ओतला म्हणून मी त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. पण मनात एकच हिशेब होता, की पिठाचा चिखल होईल आणि ती फोन करेल.

रविवार आला. फोन शेजारी घेऊन बसले. चारला वाटलं, आज बेत नसेल. पुढच्या रविवारी वाटलं, मुलं आजारी असतील. तिसऱ्या रविवारी माझाच धीर सुटला आणि मी फोन लावला.

इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "बिस्किटं केलीस का गं?"

"केली की, दोनदा. पहिल्यांदा नुसता लगदा झाला. मग थोडं थोडं पीठ वाढवत गेले आणि जमलं. दुसऱ्या वेळी दूधच कमी घेतलं. चार चमचे पुरतात, आई. तू आठ सांगितले होतेस."

"मग फोन नाही केलास?"

"एवढ्यासाठी कशाला त्रास द्यायचा तुला?" मग आवाज उतरला तिचा. "आई, तुझं माप चुकलं असं आजवर कधी झालं नाही. हल्ली विसरायला होतं का तुला? खरं सांग."

तोंडाशी आलं होतं. विसरले नाही गं बाई, मुद्दाम सांगितलं, तू फोन करावास म्हणून. पण ते ऐकून तिला काय वाटलं असतं? रविवारी फोन केला असता तिने, पण जुलमाचा. आणि मला तरी तो घेववला असता का?

"होतं मधूनमधून," मी म्हटलं. "वय झालं."

ती काळजीत पडली. डॉक्टरांकडे जाऊन ये म्हणाली, सगळं लिहून ठेवत जा म्हणाली. कधी जाशील, विचारलं. मी मंगळवार सांगितला.

"मग मंगळवारी संध्याकाळी फोन करते. काय म्हणाले ते सांग मला."

"कर," मी म्हटलं. "मी घरीच आहे."